क्वालालंपूर : बेताच्या खर्चात, सगळ्या घरासह

आपल्या घरांत पासपोर्ट निघतो तो बहुधा तीन कारणांनी. आखातातली नोकरी, हज-उमराह, नाहीतर मुलांचे शिक्षण. नुसते फिरण्यासाठी सगळ्या घराने परदेशी जायचे म्हटले की कुणीतरी म्हणतेच, "एवढ्या पैशांत उमराह झाला असता." हे बोलणे चुकीचे नाही, म्हणून आम्ही त्याचे उत्तर आधी ठरवले. कर्ज काढायचे नाही, उमराहसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही आणि वर्षाची जकात आधी द्यायची. जमिनीवर फिरून पाहा, असे कुरआन वारंवार सांगते आणि उधळपट्टीबद्दल ताकीदही देते. दोन्ही सांभाळून जिथे जाता येईल असे शहर आम्हाला हवे होते. आम्ही दोघे, अम्मी आणि दोन मुले अशी पाच माणसे होतो. दोन वर्षे दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले आणि क्वालालंपूर ठरवले.

हेच शहर का?

पहिले कारण व्हिसाचे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाची सवलत दिली आणि पुढे ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. पाच माणसांची व्हिसा फी वाचते, म्हणजे राहण्याच्या खर्चाचा चांगला हिस्सा सुटतो. अशा सवलती बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. मलेशियाला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचे डिजिटल कार्ड भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येते, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या जागांपासून दूर राहावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट हाताशी असावे.

दुसरे कारण अंतराचे. मुंबईहून थेट विमान साधारण पाच तासांत पोहोचते. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, एवढाच फरक. अम्मींच्या गुडघ्यांचा विचार करता हे आम्हाला महत्त्वाचे वाटले.

तिसरे कारण खाणे आणि नमाज. ज्या शहरात या दोन्हींसाठी शोधाशोध करावी लागते, तिथे वेळ आणि टॅक्सीचे पैसे त्यातच जातात. इथे तो खर्च उरत नाही.

तारखा आणि मुक्काम

दिवाळी आणि मे महिना सोडला की विमानाचे भाडे उतरते. आम्ही जूनचा दुसरा आठवडा घेतला, शाळा उघडण्याच्या तोंडावर. आपल्याकडे पावसाची चाहूल असते, तर तिकडे हे दिवस तुलनेने कोरडे असतात. तरीही दुपारी एखादी सर येतेच, छत्री हवीच. जाणे-येणे आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवले. स्वस्त तिकिटात सामानाचे वजन बहुधा वेगळे मोजतात. ते धरूनच दोन तिकिटांची तुलना करावी.

मुक्कामाची जागा आम्ही मशीद जामेक स्टेशनजवळ पाहिली. शहरी रेल्वेचे मार्ग इथे एकत्र येतात, जवळच मशीद इंडियाचा बाजार आहे आणि बरेच काही पायी पाहता येते. विदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर पडतो. पाच रात्री दोन खोल्या घेतल्या तर १०० रिंगिट, एकच मोठी खोली घेतली तर ५०. आम्ही एक रिंगिट म्हणजे २२ रुपये धरून चाललो होतो. त्या हिशेबाने अकराशे रुपये वाचले. खोलीच्या छतावर किब्ल्याचा बाण होता. तिकडच्या हॉटेलांत तो बहुतेक ठिकाणी दिसतो.

विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरहून दूर आहे. एक्स्प्रेस रेल्वे अर्ध्या तासात नेते, पण प्रौढाला ५५ रिंगिट लागतात. बस त्याच्या मानाने खूपच स्वस्त. पाच माणसे आणि सामान असेल तर मोबाइलवरून मागवलेली सहा आसनी गाडीही परवडते. शहरात मेट्रो, मोनोरेल आणि बससाठी 'टच अँड गो' कार्डात पैसे भरून ठेवले की सुट्ट्यांची कटकट राहत नाही.

स्वयंपाकाला सुट्टी

निघण्याआधी एक नियम केला होता. या पाच दिवसांत घरातली कुठलीही बाई चुलीसमोर उभी राहणार नाही. आपल्याकडे सहल म्हणजे बायकांसाठी दुसऱ्या गावातला स्वयंपाक असतो. पैसे वाचवायला शिधा नेण्याची गरज क्वालालंपुरात पडत नाही, कारण 'मामक' नावाची खाणावळ जवळपास प्रत्येक वस्तीत आहे. तमिळ मुसलमानांनी रुजवलेल्या या खाणावळींपैकी काही चोवीस तास उघड्या असतात. पदर सुटणारी रोटी चानाई दोन रिंगिटच्या आसपास मिळते, सोबत डाळ किंवा रस्सा. वरून ओतून फेस आणलेला चहा म्हणजे तेह तारिक. सकाळी नासी लमाक खाल्ले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "अगं, हा तर आपलाच नारळाच्या दुधातला भात, आणि वर सुकट!" खरेच तसे आहे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तिखट सांबाल, तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. कोकणातल्या माणसाला ते शिकवावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र पाहावी. शहर मिश्र वस्तीचे आहे, सगळेच हलाल नसते. दुकानात 'जाकिम' या सरकारी खात्याचे हलाल चिन्ह पाहावे. 'डुकराचे मांस नाही' अशी पाटी म्हणजे हलाल नव्हे.

ज्याला तिकीट नाही

गोंबाक आणि क्लांग या नद्यांच्या संगमावर मशीद जामेक उभी आहे. क्वालालंपूर या नावाचा अर्थच चिखलाचा संगम. आर्थर हबॅक या वास्तुकाराने आखलेली ही मशीद १९०९ मध्ये खुली झाली. लाल विटा आणि पांढरे पट्टे, घुमट, कमानी. मुंबईच्या फोर्टात फिरलेल्या माणसाला ही धाटणी ओळखीची वाटते. १९६५ मध्ये राष्ट्रीय मशीद, म्हणजे मशीद नगारा, बांधली जाईपर्यंत हीच शहराची मुख्य मशीद होती.

आपल्याकडे अनेक गावांत मशिदीत बायकांची सोय नसते. सफरीत असलेल्या बाईची नमाज बाजारात राहून जाते, नाहीतर ती घाईने घरी पळते. इथे मशिदीत बायकांसाठी वेगळी जागा, वजूची वेगळी सोय आणि अंगावर घ्यायला पांढरे स्वच्छ तेलेकुंग टांगलेले असते. बाजारसंकुलांत आणि मोठ्या स्टेशनांतही नमाजची जागा असते, तिला सुराऊ म्हणतात. उमराह सोडला तर अम्मींनी जमातने नमाज पढली ती इथेच, सलग पाच दिवस. नंतर त्या बराच वेळ तिथेच बसून राहायच्या आणि आम्ही त्यांना उठवत नसू. मलेशिया शाफई मसलकाचा आहे. आम्हा कोकणवासीयांना अस्रची वेळ सवयीचीच वाटली. हनफी वाचकांना अजान थोडी लवकर वाटेल. कसरचा मसला निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

मशीद नगाराचे छत अठरा टोकांच्या, अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे आहे आणि मिनार ७३ मीटरचा. तिथून चालत इस्लामी कला संग्रहालय गाठता येते. तिकीट आहे, पण अर्धा दिवस सहज जातो. जगभरच्या मशिदींच्या प्रतिकृती मुलांनी एकेक करून पाहिल्या, आणि भारताचे स्वतंत्र दालनही आहे. पेट्रोनास मनोरे ४५२ मीटर उंच, ८८ मजली. त्यांचा पाया इस्लामी नक्षीतल्या आठ कोनी ताऱ्यावरून घेतला आहे. वर जाण्याचे तिकीट पाच जणांना जड होते. आम्ही ते सोडले आणि संध्याकाळी खालच्या बागेत बसलो. मनोरे तिथूनच पूर्ण दिसतात. एक दिवस मेट्रोने पुत्राजयाला गेलो. तळ्याकाठची गुलाबी घुमटाची पुत्रा मशीद १९९९ ची.

मुलांना सगळ्यात गंमत वाटली ती पाट्यांची आणि शब्दांची. मलय भाषेत रोजाला 'पुआसा' म्हणतात, तो संस्कृत 'उपवास'. पुण्याला 'पाहला', म्हणजे फळ. पापाला 'दोसा', म्हणजे दोष. जन्नतला 'शुर्गा' आणि जहन्नमला 'नराका'. त्याच भाषेत 'सलामत' अरबीतून आलेले. दीन अरबस्तानातून आला आणि शब्द जुने, आपल्या ओळखीचे राहिले. मराठी बोलणाऱ्या मुसलमान मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही.

हिशेबाची वही

रोज रात्री मोठ्या मुलीने खर्च लिहिला. अर्ध्याहून अधिक पैसा विमानाचा, मग मुक्कामाचा. खाणे आणि शहरातला प्रवास मिळून सर्वांत कमी. त्यामुळे बचत करायची तर ती घरी बसून, तारखा आणि जागा निवडतानाच करावी. तिथे पोहोचल्यावर मुलांच्या आइस्क्रीमवर कात्री लावून फारसे हाती लागत नाही. एकूण रकमेचा दहावा हिस्सा औषधपाणी आणि अडीअडचणीसाठी वेगळा ठेवावा, प्रवास विमा काढावा आणि पासपोर्टच्या प्रती दोन वेगळ्या बॅगांत ठेवाव्यात.

ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी या महिन्यापासून एक डबा वेगळा काढावा आणि त्यावर शहराचे नाव लिहावे. आमच्या डब्यात दहाव्या हिश्श्यातले थोडे उरले होते, ते अम्मींनी उमराहच्या पैशांत टाकायला लावले.