नुसता आवाज लागतोय

परवा रात्री झोप येईना म्हणून 'रेजिंग बुल' लावला. कितव्यांदा ते आता मोजत नाही. पण हा सिनेमा मला कळला तो अण्णांमुळे, आणि अण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

अण्णा सोलापुरात यंत्रमागावर होते. चादरी, टॉवेल. दिवसभर धोट्याची खडखड, त्यात कुणी कुणाशी बोलत नाही. हातवारे करायचे, ओठ बघायचे. पन्नाशीच्या आतच त्यांना ऐकू येणं बरंच कमी झालं.

लहानपणी त्यांनी मला भागवतला मिथुनचा 'बॉक्सर' (१९८४) दाखवला होता. मी त्या ढिशुम ढिशुमवर बेहद्द खूष! सायकलवरून घरी येताना अण्णा म्हणाले, "अरे, मार कुठं लागतोय त्याला? नुसता आवाज लागतोय."

पुढे नोकरी लागल्यावर एका दिवाळीत लॅपटॉपवर त्यांना 'रॉकी' (१९७६) दाखवला. त्यातली शेवटची लढत स्टॅलोनने ठोसा न् ठोसा कागदावर लिहून काढली आणि मग तिचा कसून सराव केला. बघताना आपण जणू प्रेक्षकांत बसलेले असतो. रॉकी गुणांवर हरतो, तरी आपण खुशीत उठतो. अण्णांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी 'रेजिंग बुल' (१९८०). कृष्णधवल. इथे स्कोर्सेसीचा कॅमेरा दोरांच्या आत शिरतो. लढतीगणिक रिंगणसुद्धा लहानमोठं केलंय, जेक ला मोटाच्या मनात जे चाललंय त्याप्रमाणे. शेवटी १९५१ची शुगर रे रॉबिन्सनबरोबरची लढत येते. जेक दोराला टेकून उभा, हात खाली. गर्दीचा गोंगाट विरत जातो. रॉबिन्सनचा हात सावकाश वर जातो... आणि मग ठोशांचा पाऊस.

मी अण्णांकडे पाहिलं. आवाज गेला हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्यासाठी सिनेमा पहिल्यापासून तसाच होता. ते म्हणाले, "हात सोडलेत बघ त्यानं. ह्याला मारच पाहिजे. कसली तरी फेड करतोय."

बायकोवर, सख्ख्या भावावर हात उचललेला माणूस रिंगणात उभा राहून प्रायश्चित्त घेतोय, हे समजायला मला चार परीक्षणं वाचावी लागली होती. अण्णांनी नुसते त्याचे हात पाहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. "एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का!" असं मी त्यांच्यावर कितीदा खेकसलो होतो. ते गप्प राहायचे. मला वाटायचं, बरंय, निम्मं ऐकूच जात नसेल. शब्द नसतील गेले. पण माझा चेहरा तर समोरच असायचा. आणि चेहरा वाचणं हेच तर ते आयुष्यभर करत आले होते.

माफी मागायची राहून गेली. आता अण्णा नाहीत.

हल्ली ती लढत आली की मी आवाज पूर्ण बंद करतो. मग गर्दी कधी थांबली ते कळत नाही. हात आणि चेहरे तेवढे दिसतात, आणि प्रत्येक ठोसा लागतो.