सीताबर्डीची टेकडी

नागपुरात रामदासपेठेतून सायंकाळी बर्डीकडे निघालो की, ज्या टेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने कंपनी सरकारच्या पलटणींशी निकराची झुंज दिली, त्या टेकडीवरील किल्ल्याकडे दृष्टी आपोआप वळते. इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांची थडगी आत जतन झाली आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने रयतेस ती वर्षातून मोजक्याच दिवशी दिसतात. परंतु भोसल्यांसाठी प्राणपणाने लढलेल्या अरब शिपायांचे स्मरण करणारा पाषाण मला वाटेत कोठेही आढळला नाही, याचा विषाद वाटतो. १९९४ च्या नोव्हेंबरात गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडलेल्या ११४ जणांचे स्मारक जवळच, भर रस्त्यालगत उभे आहे. त्या शिपायांसाठीही येथे एक शिळा बसावी.