बोअर आटला नव्हता, हवा गळत होती



उन्हाळा तोंडावर आहे. हवेच्या कॉम्प्रेसरवर बोअर चालवणारे आपल्यात अजून पुष्कळ आहेत, म्हणून दोन वर्षांमागची गोष्ट लिहितो. पैसे वाचले, पण एक गोष्ट अशी घडली की ती आठवली तरी अंगावर काटा येतो.

माझा बोअर 380 फूट. हवेचा पाईप 330 फुटांवर सोडलेला, वर साडेसातची मोटर आणि दोन सिलिंडरचं मशीन. डाळिंबाची साडेतीनशे झाडं, आंबे बहार. मे महिना, फळ फुगायच्या टायमाला एके रात्री पाणी यायचं बंद झालं. रोज काटा 6 किलोपर्यंत चढायचा, मग पाणी उसळायचं. त्या रात्री काटा साडेचारला अडकला तो अडकला.

शेजारी म्हणले, "तात्या, बोअर गेला." मलाही तेच वाटलं. पाणाड्या येऊन नारळ फिरवून गेला. बोअरच्या गाडीवाल्यानं केसिंग धरून लाखाच्या आसपास हिशोब सांगितला. मी सोसायटीत कर्जाची चौकशी करून आलो. टँकरच्या पाण्यावर बाग कशी जगणार, ह्याच विचारात झोप उडालेली.

तेवढ्यात टाकीखालच्या कॉकजवळ बारीक फुसफुस ऐकू आली. म्हणलं, आवळून टाकू. टाकीत चार किलोवर हवा होती, पण घाई. पाईप पान्हा लावला आणि जोर दिला. निपल आतून गंजलेलं, ते आट्यातच तुटलं. एल्बो आणि कॉक सुटला तो बॅटरी धरून उभ्या असलेल्या पुतण्याच्या कानाजवळून गेला आणि पत्र्यावर आदळला. पोरगं सतरा वर्षांचं. चार बोटं इकडं आला असता तर डोळा गेला असता. मी खाली बसलो, हातपाय थरथरत होते. घरची धावत आली. ती एवढंच बोलली, "अहो, बाग परत लावता येईल."

दुसऱ्या दिवशी नवं निपल बसवलं. काटा तरी साडेचारलाच. तेव्हा पुतण्यानंच विचारलं, "तात्या, पाईपच्या तोंडातून पाणी येत नाही, पण हवा पण येत नाही. मग एवढी हवा जाती कुठं?"

मी गप्प झालो. पोराचं बरोबर होतं. बोअर कोरडा असता तर हवा मोकळी वर आली असती आणि काटा खाली राहिला असता. हवा खालपर्यंत पोचतच नव्हती.

हा हिशोब नीट समजून घ्या. साधारण 33 फूट पाण्याला 1 किलो प्रेशर लागतं. माझं पाणी 130 फुटांवर उभं असायचं, म्हणजे हवेचा पाईप 200 फूट पाण्यात. 200 ला 6 किलो. त्याच्या आत कितीही वेळ मशीन चालवा, हवा पाण्यात शिरणारच नाही. बारीक दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडलं. दोरी 130 च्या आसपास ओली झाली. पाणी होतं तिथंच होतं!

मग बोअरकडं जाणारा वॉल बंद करून मशीन चालवलं. तरी काटा पाचच्या वर जाईना. म्हणजे दोष बोअरच्या पाईपात नाही, वरच आहे. मोटर बंद केली, तर काटा जागेवर उभा. म्हणजे टाकी आणि नॉन रिटर्न वॉल चांगले. राहिला मशीनच्या हेडपासून वॉलपर्यंतचा तांब्याचा पाईप. मोटर बंद झाली की तेवढ्या तुकड्यात हवा राहत नाही, म्हणून साबणाच्या फेसानं तो सापडला नव्हता. मशीन चालू असताना तो पाईप चटका देण्याइतका तापतो, पट्टाही शेजारीच. म्हणून लांब काठीला कापडाची चिंधी बांधून लांबूनच फिरवली. नटापाशी चिंधी फडफडली.

सगळं थंड करून नट खोलला. पाईपचं फुलवलेलं तोंड अर्ध्या घेरात चिरलेलं. हवा कमी पडली की मीच तो नट दरवेळी थोडा आवळत होतो. त्यावर टेफ्लॉनही गुंडाळलं होतं. तिथं टेपचं काही काम नाही, तिथं तांबं पितळेवर बसून हवा अडवतं. चीर पडायचं मूळ कारण वेगळंच निघालं. पाईपाला क्लॅम्प नव्हता आणि मोटरचा फाउंडेशन बोल्ट ढिला होता. थरथरून थरथरून तांबं कडक होतं आणि मग चिरतं.

तालुक्याच्या गावातल्या फ्रिजवाल्या मेकॅनिककडं तोंड फुलवायचं हत्यार असतं. त्यानं चिरलेला भाग कापला, टोक लाल तापवून मऊ केलं आणि नवं तोंड फुलवून दिलं. खर्च तीनशेच्या आत. संध्याकाळी काटा 6 वर गेला आणि पाणी उसळलं. घरची बांधावरच उभी होती, पदर डोळ्याला लावून.

आता मी पाळतो ते सांगतो.

1. हवा भरलेली असताना कुठलाही नट आवळायचा नाही. मोटर बंद, टाकी रिकामी, काटा शून्यावर, मगच पान्हा.
2. गळती हातानं चाचपायची नाही. टाकीकडच्या जोडांना साबणाचा फेस, गरम पाईपाला काठी आणि चिंधी.
3. टेफ्लॉन फक्त आट्यांवर. तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तीन-चार वेढे, पहिला आटा मोकळा.
4. टाकीतलं पाणी रोज काढायचं. गंज आतून खातो, बाहेरून दिसत नाही.
5. सेफ्टी वॉल गळतो म्हणून बूच मारायचं नाही, नवा बसवायचा. हवेसाठी वरच्या बाजूला पीव्हीसी पाईप नको, फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.
6. बारीक भोक म्हणून सोडू नका. 3 मिलिमीटरच्या भोकातून 7 किलोला मिनिटाला पाच-सहाशे लिटर हवा जाते. साडेसातचं मशीन जवळजवळ तेवढीच हवा करतं.

पत्र्याला पडलेला पोचा मी अजून ठोकून सरळ केलेला नाही. पुतण्या आता आयटीआयला आहे, सुट्टीत आला की मशीन तोच बघतो. मी पान्हा उचलला की आधी विचारतो, "तात्या, काटा बघितला का?"

पाणी गेलं म्हणून गाडी बोलवण्याआधी एकदा मशीन तपासा. कुणाला असा अनुभव असेल तर खाली लिहा, दुसऱ्याच्या कामी येईल.