टेप भरली, पण कशाने?

लातूरच्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी सर्व्हर सांभाळतो. रोज रात्री दिवसअखेर झाली की नऊ वाजता सगळा डेटा टेपवर जातो. सोमवार ते शनिवार, सहा टेपा. आठवड्यातली एक टेप नांदेडच्या शाखेत तिजोरीत ठेवायची. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे एक प्रत जिल्ह्याबाहेर हवी, हे आमच्याकडे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

ही गोष्ट फेब्रुवारी 2018 ची. सकाळी येऊन बघितलं तर स्क्रीनवर संदेश होता: टेप भरली, दुसरी टाका. पहाटे तीनपासून बॅकअपचा जॉब तसाच थांबला होता. शाखा उघडायची वेळ झाली होती. मी जॉब रद्द केला. बहुतेक सगळं गेलंय, राहिलेलं उद्या जाईल, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सिस्टिम ऑडिटर आले. "मागच्या शुक्रवारचा डम्प टेस्ट मशीनवर चढवून दाखवा," म्हणाले. शुक्रवारची टेप नांदेडला होती. शाखेतले शिपाई मामा अहमदपूरमार्गे एसटीने ती घेऊन आले. मी टेप लावली, यादी उघडली. इमेजेस नावाचं फोल्डर होतं. डेटाबेसचा डम्प जिथे असतो ते ओरॅकल नावाचं नव्हतं.

पुन्हा बघितलं. नव्हतंच. जॉब एबीसीच्या क्रमाने चालायचा. इमेजेस आधी, ओरॅकल नंतर. टेप इमेजेसमध्येच भरायची आणि खातेदारांच्या नोंदींचा डम्प कधी टेपपर्यंत पोचायचाच नाही. त्या अकरा दिवसांत सर्व्हरची डिस्क गेली असती तर माझ्याकडे फोटो उरले असते, खात्यांची शिल्लक नाही. ऑडिटरना मी आहे तसं सांगितलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिलं काम म्हणून डम्प एकटाच एका वेगळ्या टेपवर घेतला. मग शोध सुरू केला.

आमच्या टेपा एलटीओ-4 च्या. डब्यावर 1600 जीबी लिहिलेलं. आमचा डेटा 640 जीबी. आणि टेप 560 वर भरत होती. मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, 1600 विसरा. डेटा दाबून निम्मा झाला तर 1600. खरी जागा 800. तुमचा माल आधीच दाबलेला असेल तर आठशेच धरा. आणि कॉम्प्युटर ते 745 च दाखवणार." टेपवाले हजाराने मोजतात, कॉम्प्युटर 1024 ने. तेवढ्यानेच पंचावन्न जीबीचा फरक पडतो.

आमचा माल आधीच दाबलेला होता. चेक ट्रंकेशन, म्हणजे कागदाऐवजी चेकची प्रतिमा पाठवायची पद्धत, आल्यापासून प्रत्येक चेकच्या तीन प्रतिमा साठतात, दोन पुढच्या बाजूच्या, एक मागची. त्या जेपेग आणि टिफ. नोटाबंदीनंतर आमची खाती वाढली, तशी केवायसीची स्कॅनही वाढली. डम्पही झिप केलेला. यातलं काहीही आणखी दबत नाही.

तरी 745 ऐवजी 560 का? याचं उत्तर रॅकच्या काळ्या काचेआड होतं. दार उघडलं तर ड्राइव्हवर नारिंगी दिवा लागलेला. साफ करा, असं तो सांगत होता. किती दिवस, कोणास ठाऊक. मी टेबलावरच्या स्क्रीनवरूनच सगळं बघायचो, दार उघडतच नव्हतो. ड्राइव्ह लिहिता लिहिता लगेच वाचून तपासतो. लिहिलेलं नीट वाचता आलं नाही तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. हेड मळलेलं असेल तर एकच मजकूर दोनदा-तीनदा लिहिला जातो आणि टेप संपते. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, धूळ भरपूर. खंडेनवमीला मशीनला वाहिलेलं हळदीकुंकू कडांना तसंच होतं. आता पूजा आम्ही रॅकच्या दाराबाहेर करतो.

क्लीनिंग कार्ट्रिज दोनदा फिरवली. ती रोज घालायची नसते, हेड झिजतं. दिवा लागला की घालायची. त्यानंतर नव्या टेपवर सगळे 640 जीबी बसले. जुनी टेप मात्र सहाशेच्या आसपास अडली. त्या टेपा 2014 पासून दर आठवड्याला वापरात होत्या. अशी टेप पूर्ण भरून दोनशे-अडीचशे वेळा चालते असं धरतात. आमच्या टेपा त्या आकड्याला पोचल्या होत्या. सहाही बदलल्या.

मग नेमकं काय टेपवर जातंय ते एकेक फोल्डर उघडून पाहिलं. डम्प जात होताच, शिवाय चालू डेटाबेसच्या फाइलीही जात होत्या, 110 जीबी. चालू असताना उचललेली अशी प्रत परत उभी राहील याची खात्री नसते. त्या काढल्या. मागच्या अपग्रेडच्या वेळी मीच करून ठेवलेली 60 जीबीची प्रत सापडली. तीही काढली. उरले 470.

आणखी एक. लाखो छोट्या प्रतिमा दुसऱ्या सर्व्हरवरून नेटवर्कने यायच्या. डेटा हळू आला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा सुरू करतो. कान दिला तर ते ऐकू येतं, शिलाई मशीन अडखळल्यासारखं. टेपही त्याने झिजते. आता प्रतिमा आधी इकडच्या डिस्कवर एका गठ्ठ्यात बांधतो, मग टेपवर पाठवतो. बॅकअप सॉफ्टवेअरमधला दाबायचा पर्यायही बंद केला. सहा तासांचं काम अडीच तासांवर आलं.

उन्हाळ्यासाठी एक सांगतो. नांदेडहून तापलेल्या बॅगेतून आलेली टेप लगेच लावायची नाही. एक रात्र सर्व्हर रूममध्ये राहू द्यायची.

आमच्या जॉबमध्ये आता डम्प सगळ्यात आधी जातो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक टेप टेस्ट मशीनवर चढवून चार खात्यांची शिल्लक ताळून बघतो. तुमच्याकडे टेप असेल तर आज एवढं करा: ड्राइव्हसमोर जाऊन दिवा बघा, आणि काल रात्री टेपवर सगळ्यात शेवटी कोणती फाइल गेली ते यादीत बघा.