कडेचे मिलिमीटर

सबंध शरीराचा पेट स्कॅनर असताना स्तनासाठी वेगळा कशाला, असे मला अभियंतेही विचारतात. त्या मोठ्या यंत्राचे कडे साधारण ८० सेंटीमीटर व्यासाचे असते. शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी साखरेतून पॉझिट्रॉन निघतो, इलेक्ट्रॉनला भिडून नाहीसा होतो आणि दोन गामा किरण विरुद्ध दिशांना सुटतात; पण अगदी सरळ रेषेत नाही. डिटेक्टर जितके दूर, तितका हा किंचित बाक महागात पडतो. ८० सेंटीमीटरवर केवळ त्यापायी चित्र पावणेदोन मिलिमीटर पुसट होते; २० सेंटीमीटरवर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. म्हणून स्तनाच्या यंत्रात आम्ही डिटेक्टर जवळ आणतो.

जवळ गेले की किरण डिटेक्टरच्या स्फटिकांत तिरके शिरतात. किरण किती खोलवर थांबला हे कळले नाही, तर गाठ चित्रात भलतीकडे पसरते. जपानमध्ये शिमाद्झू कंपनीने एल्मॅमो या स्तनाच्या पेट यंत्रात स्फटिकांचे चार थर रचून ही खोली ओळखली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मॅमी यंत्रासाठी स्फटिक अखंडच ठेवला आणि त्यात प्रकाश कसा पसरतो त्यावरून जागा काढली. मला दुसरी वाट अधिक देखणी वाटते. मात्र तिचे कॅलिब्रेशन घाम काढते.

तरी माझा जीव अडकतो तो कडेपाशी. बाई टेबलावर पालथी झोपते, स्तन भोकातून खालच्या कड्यात येतो. टेबलाची जाडी, डिटेक्टरचे आवरण, स्फटिकांभोवतीची रिकामी जागा, यांतला प्रत्येक मिलिमीटर छातीलगतच्या भागातून वजा होतो. कड्याच्या वरच्या टोकाला तर दोनपैकी एक किरण सहज निसटतो, म्हणजे जोडी हातची गेली. शिवाय तिथून जवळच हृदय, तेही तीच साखर ओढून घेणारे. तिकडून आलेले किरण आमच्या स्फटिकांवर आदळून खोट्या जोड्या जमवतात. म्हणजे जिथे खरे संकेत सर्वांत कमी, तिथेच गोंगाट सर्वांत जास्त. गादी पातळ करून जागा वाचवावी, तर बरगड्यांना टेबल टोचते, बाई हलते आणि कमावलेली सगळी स्पष्टता वाहून जाते. गादीच्या जाडीवरची आमच्यातली चर्चा मला इलेक्ट्रॉनिक्सच्या चर्चेहून कमी महत्त्वाची कधीच वाटली नाही.

माहितीपत्रकात स्पष्टतेचा आकडा छापतात तो कड्याच्या मध्यबिंदूचा. गाठ मध्येच उगवेल असे कुणी ठरवून दिलेले नाही.

म्हणून यंत्र निवडणाऱ्या डॉक्टरांना माझे कळकळीचे सांगणे आहे: तो आकडा नंतर पाहा. टेबलाच्या पृष्ठभागापासून किती अंतरावर चित्र सुरू होते, हे आधी विचारा. आणि गाठ छातीला लागून किंवा काखेत असल्याची शंका असेल, तर केवळ या यंत्राच्या कोऱ्या चित्रावर विसंबून कुणालाही घरी पाठवू नका.