चुकलेल्या भाकितांची चोपडी

आमच्या माळ्यावरच्या लोखंडी पेटीत एक लाल कापडी बांधणीची चोपडी आहे. दिवाळीला व्यापारी मंडळी जमाखर्चासाठी पूजतात, तसलीच. फरक इतकाच, की हिच्यातली जमेची बाजू जवळजवळ कोरी आहे. १९९७ सालच्या कोजागिरीपासून मी आणि माझे तीन स्नेही मलकापुरातल्या माझ्या गच्चीवर जमून, येत्या हंगामात रणजी करंडक कोण जिंकणार याचे भाकीत तिच्यात लिहीत आलो. नियम दोनच होते. भाकिताखाली एका वाक्यात कारण द्यावयाचे आणि सही करावयाची. पुढच्या कोजागिरीस जुनी भाकिते मोठ्याने वाचली जात. ज्याचे खरे ठरले असेल त्याने मसाला-दुधाचा पहिला पेला उचलावा. कुणाचेच ठरले नसेल, तर चंद्राला दाखविलेला पेला मधोमध तसाच राहावा. तो पेला पुष्कळ वर्षे तसाच राहिला.

गेल्या कोजागिरीच्या आधी पेटी झाडताना ती चोपडी हाती लागली, आणि झाडू बाजूला ठेवून मी ती पहिल्या पानापासून वाचीत बसलो. आपली जुनी पत्रे वाचताना माणसाला जी लाज वाटते तिच्यात थोडा गोडवा असतो. जुनी भाकिते वाचताना वाटणारी लाज मात्र निर्भेळ असते. कारण पत्रात आपण निदान दुसऱ्याची विचारपूस केलेली असते, भाकितात आपण केवळ आपले शहाणपण मांडलेले असते.

माझी बहुतेक भाकिते मुंबईची आहेत. याचे कारण समजण्यासाठी आमच्या गावाची जागा ध्यानी घेतली पाहिजे. भुसावळ सोडून नागपूरकडे निघालेली गाडी विदर्भात शिरते ती आमच्या उंबरठ्यावरून. उंबरठ्यावर राहणाऱ्याचे लक्ष घरापेक्षा रस्त्याकडे अधिक. नागपूर येथून साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात. बाजार, दवाखाना, लग्नसंबंध यांसाठी आमची माणसे जळगाव-भुसावळकडे वळायची, आणि क्रिकेटसाठी आमचे कान लागलेले असत ते मुंबईकडे. १९५७ च्या हंगामापासून रणजीच्या सामन्यांत विदर्भ नावाचा संघ उतरत होता, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु दूरच्या एखाद्या चुलत्याचा मुलगा दरवर्षी परीक्षेला बसतो हे ज्या अर्थाने ठाऊक असते, त्या अर्थाने!

या नियमाला अपवाद फक्त नानांचा. नाना आमच्यांत सर्वांत वडील. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. चोपडीच्या पहिल्या वर्षापासून त्यांनी दरसाल एकच शब्द लिहिला : विदर्भ. कारणे मात्र दरवर्षी निराळी. एका वर्षी ‘यंदा कापूस चांगला आहे’, तर दुसऱ्या वर्षी ‘गाडी उशिरा येते म्हणून स्टेशन कोणी मोडून टाकीत नाही’. आमचे वकील स्नेही यावर नेहमी हरकत घेत. त्यांच्या मते हे भाकीतच नव्हे, हे व्रत झाले. आणि व्रताला चोपडीत जागा नाही. नाना मान डोलवीत आणि सही करीत. वीस वर्षांत त्यांना पहिला पेला एकदाही मिळाला नाही.

२०१७ ची कोजागिरी ५ ऑक्टोबरला होती आणि रणजीचा हंगाम दुसऱ्याच दिवशी सुरू व्हावयाचा होता, म्हणून त्या रात्री आम्ही विशेष गांभीर्याने लिहावयास बसलो. माझे भाकीत आज वाचतो ते असे : ‘मुंबई. एकेचाळीस वेळा जिंकलेल्यास बेचाळिसावी पायरी अवघड नसते.’ वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते. डिसेंबरात कर्नाटकाने त्या मुंबईला डावाने हरविले, आणि तेही नागपुरात. मग तोच कर्नाटक कोलकात्याला उपान्त्य सामन्यात विदर्भापुढे उभा राहिला. करुण नायरने कर्नाटकाकडून १५३ धावा काढल्या तेव्हा मी टीव्ही बंद करून जेवावयास गेलो. २१ डिसेंबरला सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. रजनीश गुरबानी नावाचा तरुण, स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेला, धावत येऊन चेंडू टाकीत होता, आणि इकडे आमच्या बैठकीत कुणी चहाच्या कपाला हात लावीत नव्हते. विदर्भ पाच धावांनी जिंकला. पाच! घरात आम्ही ओरडलो तो आवाज ऐकून शेजारच्या वहिनी काय झाले ते पाहावयास आल्या.

अंतिम सामन्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. इंदूरला गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकले, आदित्य सरवटेने ७९ धावा काढल्या, आणि २०१८ सालच्या पहिल्याच दिवशी वसीम जाफरने चौकारामागून चौकार मारून सामना संपविला. फैज फजलच्या हाती करंडक आला. पुढच्या कोजागिरीस नानांनी आयुष्यातला पहिला पेला उचलला. आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. घोट घेऊन ते म्हणाले, “साखर कमी आहे.”

येथे मी शहाणा व्हावयास हवे होते. पण त्या रात्रीचे माझे भाकीत पाहा : ‘कर्नाटक. गेल्या वर्षीचे विदर्भाचे यश हा काकतालीय न्याय.’ कावळा बसला आणि फांदी तुटली, असे म्हणून मी माझ्या अज्ञानाला संस्कृतचा शेला पांघरला. विदर्भ पुन्हा जिंकला. सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून, खुद्द नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर. मग मी शरण गेलो आणि २०१९ मध्ये मोठ्या अक्षरात ‘विदर्भ’ लिहिले. त्या हंगामात विदर्भाला उपान्त्यपूर्व फेरीसुद्धा गाठता आली नाही. २०२० साली आम्ही चौघांनी दूरध्वनीवरून चार निरनिराळ्या संघांची नावे सांगितली, आणि चौघेही चुकलो. कारण १९३४ पासून अखंड चाललेली ती स्पर्धा त्या हंगामात झालीच नाही. पुढच्या कोजागिरीला आम्ही तिघेच होतो. नाना त्या उन्हाळ्यात करोनाने गेले.

नंतरच्या पानांवरून मी भरभर पुढे गेलो. २०२२ मध्ये मध्य प्रदेश जिंकला. मार्गदर्शक चंद्रकांत पंडित, जे २०१८ आणि २०१९ मध्ये विदर्भाचे मार्गदर्शक होते. हा गृहस्थ कोणत्या संघाकडे गेला आहे एवढे एक पाहिले असते, तरी आमची निम्मी भाकिते सुधारली असती! २०२४ च्या मार्चात वानखेडेवर मुंबईने बेचाळिसावी पायरी चढली. म्हणजे माझे २०१७ चे वाक्य खरे ठरले. सहा वर्षे उशिरा, आणि नेमके ज्या हंगामासाठी मी विदर्भ लिहिले होते त्या हंगामात. त्या सामन्यात ५३८ धावांचे अशक्य ओझे डोक्यावर असताना वाडकर आणि हर्ष दुबे यांनी पाचव्या दिवशी दुपारपर्यंत जी झुंज दिली, ती पाहून मला हरल्याचे दुःख झाले नाही. परंतु चिडून मी पुढच्या वर्षी पुन्हा मुंबई लिहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत उपान्त्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरविले.

आणि त्या वर्षीचा केरळविरुद्धचा अंतिम सामना तर भाकीत करणाऱ्यांची थट्टा करण्यासाठीच रचला होता की काय असे वाटते. कोलकात्याला ज्याने मला जेवावयास उठविले तो करुण नायर आता विदर्भाकडून खेळत होता, आणि त्याने ८६ व १३५ धावा काढल्या. आमचा सरवटे केरळकडून खेळत होता, आणि त्यानेही धावा काढल्या बरोबर ७९! सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला.

चुकण्यात मी एकटा नाही, हे समाधान आहेच. २०१५ साली इंग्लंडातल्या पैजवाल्यांनी लीस्टर सिटी या फुटबॉल संघाच्या विजयाला एकास पाच हजार असा भाव दिला होता, आणि तो संघ जिंकला. अमेरिकेत बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांचा हंगाम ऑक्टोबरातच सुरू होतो. तेथले जाणते लोक आधी सर्व संघांची क्रमवारी लावतात आणि उन्हाळ्यात आपल्याच चुका मोजीत बसतात म्हणे. पण इतके दूर कशाला जावे? आमच्याच जिल्ह्यात, जळगाव-जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, वाघ घराण्याकडे शेकडो वर्षांची घटमांडणी आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट आखतात, भोवती अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीवरून पाऊस, पीक आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगतात. मी लहानपणी वडिलांबरोबर तेथे गेलो आहे. भाकीत ऐकून परतणारे शेतकरी वाटेत त्याची चर्चा करीत, कुणी हसत, कुणी गंभीर होत. पण पाऊस कमी सांगितला म्हणून पेरावयाचे थांबलेला एकही शेतकरी मला आठवत नाही.

संघांचेही तसेच असते. माझ्या चोपडीत काय लिहिले आहे हे फैज फजलला ठाऊक नव्हते, म्हणून तो जिंकू शकला. माझी एवढी चुकीची भाकिते कुणाच्या केसालाही धक्का न लावता गेली, ती यामुळेच. परंतु चोपडीत नसलेले माझे एक भाकीत आहे.

माझे वडील बंधू अकाली गेले, तेव्हा त्यांच्या मुलाविषयीचा अखेरचा शब्द घरात माझा राहिला. पोरगा डावखुरा, मंदगती फिरकी टाकी. नळगंगेजवळच्या पटांगणात सायंकाळी त्याचा चेंडू खेळताना मोठमोठ्या मुलांची तारांबळ उडे. २००९ साली, अठरा वर्षांचा असताना, त्याने नागपूरला जाण्याची परवानगी मागितली. जामठ्याचे नवे मैदान आदल्याच वर्षी उभे राहिले होते. एका वर्षाची मुदत द्या, इतकेच त्याचे म्हणणे होते. नाना तर त्याला स्वतः गाडीत बसवून द्यावयास तयार होते. मी त्याला समोर बसवून, अतिशय प्रेमाने, सांगितले, “बाळ, विदर्भाच्या संघातून आजवर कोण कुठे पोचले आहे? त्या संघाला पुढची पन्नास वर्षे कोणी विचारणार नाही.” विदर्भाचा प्रशांत वैद्य १९९५-९६ मध्ये भारताकडून खेळला होता हे मला पक्के ठाऊक होते, पण त्या क्षणी मी ते सोयीस्करपणे विसरलो. मी हे बोललो त्याला वर्ष पुरते होण्याच्या आत, नागपूरजवळच्या कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा मुलगा उमेश यादव विदर्भातून भारताच्या संघात गेला.

पोराने माझे ऐकले. त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली, आणि आज त्याचे बियाण्यांचे दुकान उत्तम चालते. मी चुकलो असे म्हणावयासही मला जागा नाही, कारण माझे ते भाकीत कसोटीला लागलेच नाही. कदाचित तो तेथून सहा महिन्यांत परत आला असता. कदाचित नसता. संघांनी माझे ऐकले नाही म्हणून ते मला खोटे पाडू शकले, याने ऐकले.

२०१९ च्या फेब्रुवारीत, सौराष्ट्राविरुद्धचा तो अंतिम सामना पाहावयास तो आमच्याकडे आला होता. डावखुऱ्या सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला त्याने दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. दुसऱ्यांदा पुजारा परतला तेव्हा घरात गलका झाला. पुतण्या तेवढा गप्प होता. समोरच्या ताटलीतले एक संत्रे त्याने उचलले होते आणि नकळत ते डाव्या हाताच्या बोटांत धरून फिरवीत होता. मी पाहतो आहे हे लक्षात येताच म्हणाला, “काका, तर्जनीने अशी ओढ द्यावी लागते.” आणि संत्रे परत ताटलीत ठेवले. त्याच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

चोपडीत २००९ चे पान काढून पाहिले. माझे भाकीत : मुंबई. त्या हंगामात म्हैसूरच्या अंतिम सामन्यात मुंबईने कर्नाटकाला सहा धावांनी हरविले होते. म्हणजे पहिला पेला माझाच. शेजारी बरोबरची खूणही आहे, नानांच्या हातची. तिच्याखाली नानांचे त्या वर्षीचे भाकीत त्यांच्या वळणदार अक्षरात आहे : ‘विदर्भ. डावखुरा फिरकी गोलंदाज मिळाला तर.’ २०१० च्या कोजागिरीस हे वाक्य मीच मोठ्याने वाचून दाखविले होते, आणि सगळ्यांबरोबर हसलोही होतो.

सायंकाळी पुतण्या दुकानातून येताना घरी डोकावला. मी ते पान त्याच्यापुढे धरले. त्याने वाचले, थोडा वेळ चोपडी तशीच हातात धरली.

“नानांचे अक्षर काय सुंदर होते,” तो म्हणाला. मग पाने उलटीत कोऱ्या पानापाशी येऊन त्याने विचारले, “यंदा नानांच्या जागी मी लिहिले तर वकीलकाका हरकत घेतील का?”