तिसऱ्या नंबरची ठिणगी

मुलांनो, गोष्ट म्हटली की ती राजाराणीची नाहीतर कोल्ह्याचीच असायला हवी, असं थोडंच आहे? आज मी तुम्हांला आमच्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. आणि हो, तिच्यात माझी एक चूकही आहे. बाईंची चूक म्हटल्यावर तुम्ही लगेच कान टवकारले असतील, ठाऊक आहे मला!

आमच्याकडे 1985 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तुमच्या आजोबांना विचारा, ते तिला फियाटच म्हणतील, कारण मूळ गाडी इटलीतल्या फियाट कंपनीची. आपल्याकडे ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये वर्षानुवर्षं हिचंच राज्य होतं. 2023 च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. आमची गाडी मात्र बाबांनी पोरीसारखी जपली. बाबा गेले, गाडी राहिली.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मिस्त्रीकाकांनी तिच्यात एक बदल केला. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि जास्त जोराची नवी कॉइल लावली. गाडी एका चावीत सुरू व्हायला लागली. मी खूश!

पण जुलैत आईला घेऊन वाईहून पाचगणीला निघाले. पसरणीचा घाट, वर पाऊस, समोर धुकं. अर्ध्या चढावर गाडी आचके द्यायला लागली. उचकी लागलेला माणूस पाढे म्हणायला लागला तर कसा म्हणेल, तसा इंजिनाचा आवाज! गॅरेजवाले याला म्हणतात, "गाडी मिसिंग मारतेय."

म्हणजे काय बरं? आमच्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण शिरतं, ते दाबलं जातं, आणि नेमक्या वेळी प्लगमधून ठिणगी पडून ते पेटतं. त्यांचा क्रमही ठरलेला: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत नुसतं उभं असलं, तरी त्या एका मिनिटात 1600 ठिणग्या पडतात! त्यांतली एखादी चुकली, की ताल बिघडलाच.

कशीबशी घरी आले. भाऊ म्हणाला, "ताई, पुरे झालं आता. भंगारात देऊन टाक." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा राग निघाला मिस्त्रीकाकांवर. फोन करून म्हटलं, "तुमच्या त्या नव्या यंत्रानंच गाडीची वाट लावली!"

ते शांतपणे एवढंच म्हणाले, "ताई, गाडी घेऊन या. अंधार पडताना या."

अंधार पडताना? मला काही कळेना. पण गेले. बाहेर पाऊस चालूच होता.

काकांनी नव्या यंत्राला हातही लावला नाही. आधी एकेका प्लगची वायर पाळीपाळीनं बाजूला करून इंजिन चालवून पाहिलं. पहिल्याची काढली, आवाज खचला. दुसऱ्याची, चौथ्याची, तेच. तिसऱ्याची काढली, तर काहीच फरक नाही! म्हणजे तिसरा गडी कामच करत नव्हता. त्याचा प्लग बाहेर काढला, तर काळा आणि पेट्रोलनं ओला.

"मग प्लगच खराब!" मी म्हटलं.

"थांबा की ताई," म्हणत त्यांनी तो प्लग पहिल्याच्या जागी लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याच्या जागी. तरी आळशी राहिला तो तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष सुटला! मग पेट्रोल? कार्बोरेटर एकच, तो चौघांनाही पाजतो; मग एकटाच उपाशी कसा राहील? सिलिंडरमधला दाबही मोजला. चारही जवळजवळ सारखे.

आता काकांनी दिवा मालवला, बॉनेट उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. आणि काय सांगू! तिसऱ्या प्लगच्या वायरीतून इंजिनाच्या लोखंडावर एक बारीक निळी रेघ चमकत होती. टिक्... टिक्... टिक्... ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच पळ काढत होती!

वायरीचं रबर जुनं होऊन तडकलं होतं. नव्या कॉइलचा जोर जास्त. त्यात पावसाची ओल. आणि चढावर सिलिंडरमधला दाब वाढला, की ठिणगीला प्लगमधून उडी मारणं आणखी जड जातं. मग ती सोपी वाट शोधते. (तुम्ही मात्र असल्या वायरींना चुकूनही हात लावू नका, बरं का! त्यांत हजारो व्होल्ट असतात.)

आणि आता माझी चूक. काकांनी तेव्हाच म्हटलं होतं, "ताई, वायरीही बदलून टाकू." मीच म्हटलं होतं, "राहू द्या, चांगल्या दिसतायत." चार पैसे वाचवले, आणि दोष त्यांच्या माथी मारला. मी मान खाली घालून म्हटलं, "काका, चुकले मी." ते हसले आणि नव्या वायरी जोडू लागले.

त्या रात्री मला झोप लागेना. कारण त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या खिडकीची काच फुटली होती, आणि मी एका मुलाला रागावले होते. का? तर तो नेहमी दंगा करतो म्हणून. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत लवकर गेले आणि खिडकी नीट तपासली. कडी तुटलेली होती. वाऱ्यानं तावदान आपटत होतं. मी भर वर्गात त्या मुलाची माफी मागितली. तो काहीच बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं घरून तारेचा एक तुकडा आणला आणि कडीच्या जागी घट्ट बांधून दिला.

ती तार अजून तिथेच आहे. गाडीही आहे. परवाच आईला घेऊन घाट चढून आले. एकही उचकी नाही!